भोंग्याच्या दातांतली फट

"दात मी करून देतो, हसायचं ज्याचं त्याने बघावं."

मामा हे वाक्य एकदा डॉक्टरीणबाईंना म्हणाला होता. एका म्हाताऱ्याची तक्रार होती, की नवी कवळी बसली चांगली, पण ती घालून कुणाशी बोलावंसं वाटत नाही. डॉक्टरीणबाईंनी कवळी आणि तक्रार दोन्ही वर मामाकडे पाठवली. मामाने कवळी दिव्यासमोर धरून सगळ्या बाजूंनी पाहिली. दोष सापडला नाही. तेव्हा त्याने वाक्य उच्चारलं आणि कवळी परत डबीत ठेवली.

डॉक्टरीणबाई पहिल्या मजल्यावर लोकांच्या तोंडात लगदा भरून माप घेत. ते माप तिसऱ्या मजल्यावर मामाकडे येई. मामा त्यात प्लास्टर ओतून साचा काढी, साच्यावर मेण थापून त्यात एकेक दात रोवी, आणि दात मनासारखे उभे राहिले की मेणाच्या जागी गुलाबी हिरडी शिजवून काढी. दोन खोल्यांचा कारभार होता. खिडकीच्या काचांवर, रेडिओवर आणि मामाच्या भुवयांवर सारखीच पांढरी धूळ असे, म्हणून मित्र त्याला 'प्लास्टर' म्हणत. शेल्फवर गावातली अर्धी तोंडं ओळीने ठेवलेली होती. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं तर मामा आधी दात ओळखी, माणूस नंतर, आणि नाव बहुतेक वेळा नाहीच.

त्याचे स्वतःचे वरचे दात चाळिशीतच गेले होते. कशाने गेले असं विचारलं तर म्हणे, "दुसऱ्यांचे बघता बघता." त्याने स्वतःसाठी केलेली कवळी ही त्याची सगळ्यात चांगली कारागिरी होती. ती बघून लोक त्याला विचारत, की तुमचे दात एवढे चांगले कसे राहिले. मामा म्हणे, रात्री काढून ठेवतो.

माझी आई म्हणजे त्याची थोरली बहीण. मामाचं लग्न झालेलं नसल्यामुळे तो आमच्याकडेच राही. दात कोरून पोट भरत नाही असं सगळे म्हणतात, आमच्या घरात भरतं, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. हा विनोद तिने इतक्या वेळा केला होता, की तो आता विनोद राहिला नव्हता, घराची माहिती झाला होता.

मामाचे मित्र तीन. पहिला भोंगा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि ट्रम्पेट वाजवायचा. दुसरा बेकरीवाला. त्याच्याकडे पावाची व्हॅन आणि मोठा ढोल होता. तिसरे गुरुजी, भूगोल शिकवून निवृत्त झालेले. ते झेंडा धरत. मामा पितळी झांजा वाजवी. वाजवी म्हणण्यापेक्षा, योग्य वेळी एकदाच आपटी.

हे सगळं फुटबॉलसाठी चाले. आमच्या गावाचा संघ करड्या-पिवळ्या पट्ट्यांचे शर्ट घालून तिसऱ्या गटात खेळे. तो हरला नाही की बरोबरी करी. मी सांगते आहे त्या वर्षाच्या शेवटी तो चौथ्या गटात गेला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे त्याची वाट बघत कुणी बसू नये.

त्या संघाच्या मैदानावर एक पद्धत होती. आपल्या बाजूला कॉर्नर मिळाला, की भोंगा उठून एक लहानशी धून वाजवायचा. धून साधी, शाळेच्या बँडमधली. पण तिचा शेवटचा सूर त्याला कधी पकडता आला नाही. त्याच्या वरच्या दोन मधल्या दातांत फट होती, आणि डावा दात रांगेत घुसलेल्या माणसासारखा उजव्याच्या पुढे येऊन उभा होता. शेवटचा सूर वर चढे, क्षणभर टिके, आणि ओल्या फरशीवरून पाय जावा तसा खाली जाई. मग प्रेक्षकांचा सगळा स्टँड एका आवाजात म्हणे, 'घसरला.' मग मामाची झांज. आणि मग कॉर्नर मारला जाई. आमचे खेळाडू झांजेसाठी थांबत. बाहेरून आलेले रेफ्री पहिल्यांदा घड्याळ दाखवत, नंतर तेही थांबू लागत. त्यातून गोल होई असं नाही. गोल होणं हा त्या पद्धतीचा भाग नव्हता.

परगावी मॅच असली की आम्ही व्हॅनने जात असू. आम्ही म्हणजे चौघे आणि मी. संध्याकाळ झाली की बेकरीवाल्याला एका रस्त्याचे दोन रस्ते दिसत, आणि मला त्या वर्षी नोकरी नव्हती, लायसन्स होतं. म्हणून मी चालवी. पुढच्या सीटवर गुरुजी नकाशा उघडून बसत. आयुष्य भूगोल शिकवण्यात गेल्यामुळे कुणाला रस्ता विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्यामुळे आम्ही बरेच प्रदेश पाहिले, जे बघायला आम्ही निघालो नव्हतो. मागे पावाच्या रिकाम्या ट्रेमध्ये बाकीचे तिघे. पावाचा वास त्यांच्या कपड्यांना लागे, आणि परगावच्या स्टँडमधले लोक आमच्या मागून येत आणि आजूबाजूला काही खायला मिळतंय का ते बघत.

त्यांचा एक नियम होता. ज्या गावी मॅच, त्या गावच्या पाण्यात आधी उतरायचं. नदी, तळं, समुद्र, नाहीतर पोहण्याचा तलाव. एका गावात यातलं काहीच नव्हतं, तेव्हा चौघे एका हॉटेलच्या तलावात पाहुणे असल्यासारखे शिरले. मॅनेजरने खोली नंबर विचारला. गुरुजींनी अक्षांश-रेखांश सांगितले. मॅनेजर विचार करीपर्यंत त्यांचं पोहून झालं होतं.

पोहताना मामा कवळी काढून स्टीलच्या डबीत ठेवी आणि डबी माझ्याकडे देई. तोंड बसलेलं, भुवया धुतल्यामुळे काळ्या, असा तो पाण्यात उतरे आणि क्षणात कुणी दुसराच होई. पाण्याखाली माणसाला वय नसतं, धंदाही नसतो. चार डोकी वर यायची, परत खाली जायची. काठावर बसून मला कोण कुठलं ते कळत नसे. फक्त भोंगा कळे, कारण तो वर आला की हसे, आणि फट दिसे.

मामाला ती फट तीस वर्षं दिसत होती. दुसऱ्याच्या घरात भिंतीवरचं चित्र तिरकं लागलेलं असावं आणि आपण पाहुणे असावं, तसं त्याचं होई. त्याने कधी बोलून दाखवलं नाही. पण भोंगा हसायला लागला की मामा त्याच्या कपाळाकडे बघे.

अपघात आमच्याच गावातल्या तलावावर झाला, रोजच्या सकाळच्या पोहण्यात. भोंगा पाण्यातून शिडीने वर येत नसे. जन्मभर लिफ्ट वर-खाली होते त्या खोबणीतल्या शिड्यांवर लटकून काम केल्यामुळे, सुटीच्या वेळी शिडीचं तोंड बघायचं नाही असं त्याचं म्हणणं होतं. तो काठावर दोन्ही हात टेकून अंग वर उचलायचा. त्या दिवशी हात सुटले. काठाची फरशी जागच्या जागी राहिली. वरचे मधले दोन दात गेले.

गुरुजी म्हणाले, दात गिळला का बघा. बेकरीवाला पाण्यात बुडी मारून शोधायला लागला. मामा भोंग्याच्या समोर उकिडवा बसला, त्याचा ओठ अंगठ्याने वर केला आणि बराच वेळ आत बघत राहिला. मी डबी घेऊन शेजारी उभी होते. मामाच्या चेहऱ्यावर काळजी होती, आणि काळजीच्या मागे आणखी काहीतरी होतं. नवीन कोरी भिंत मिळालेल्या रंगाऱ्यासारखं.

"घाबरू नकोस," मामा म्हणाला. "असे करून देतो, की बघत राहशील."

जखम भरल्यावर डॉक्टरीणबाईंनी माप घेतलं आणि मामा कामाला लागला. त्या दिवसांत त्याने दुसरं काम हातात घेतलं नाही. म्हातारे लोक बिनदाताचे जिन्यात येऊन चौकशी करून जात. त्याने दातांचा रंग भोंग्याच्या बाकीच्या दातांशी जुळवला. त्याला चहा किती आणि विडी किती याचा हिशेब दाताच्या कडेला पिवळटपणाने लिहिला. शेजारच्या दाताला धरून ठेवणारी तार इतकी बारीक वाकवली, की ती जिभेलाही सापडू नये. आणि दात अगदी सरळ उभे केले. खांद्याला खांदा, मधे केसही जाणार नाही असे.

दात बसवले त्या दिवशी सगळे वर जमले. बेकरीवाल्याने गरम पाव आणले होते. भोंग्याने आरशात पाहिलं. ओठ वर केला, खाली केला, मान वळवली.

"हा कोण?" तो म्हणाला.

सगळे हसले. मामाही हसला. याहून मोठी शाबासकी त्याला कुणी दिली नव्हती.

पुढच्या मॅचला कॉर्नर मिळाला तेव्हा भोंगा उठला, त्याने ट्रम्पेट ओठांना लावलं आणि फुंकलं. हवा आली. सूर आला नाही. स्टँडमधले लोक समजूतदार होते. म्हणाले, नवे दात आहेत, सवय होईल. नव्या चपलेसारखं असतं. भोंगा घरी सराव करू लागला. काही आठवड्यांनी सूर आले. आणि मग एका रविवारी त्याने पूर्ण धून वाजवली. शेवटचा सूर वर चढला, टिकला, आणि तिथेच राहिला. स्वच्छ, गोल, भांड्यावर चमचा वाजवल्यासारखा. त्यात काहीही चूक नव्हती.

स्टँड तोंड उघडून थांबलेला होता. सूर संपला. मागच्या रांगेतून एका बाईने विचारलं, "झालं का?" मामाची झांज फार उशिरा पडली. कॉर्नर आधीच मारून झाला होता, आणि चेंडू दुसऱ्या टोकाला आमच्याच जाळीत होता.

भोंग्याने ट्रम्पेटचं तोंड फडक्याने पुसलं, ते पेटीत ठेवलं, पेटीची दोन्ही कुलपं लावली. जाताना तो मामाला म्हणाला, "तुमचे दात चांगले झालेत. माझंच तोंड जुनं आहे."

तीस वर्षं तो मामाला 'अरे प्लास्टर' म्हणत आला होता. मामाने 'तुमचे' ऐकलं. बेकरीवाल्यानेही ऐकलं, आणि तो ढोलाचा पट्टा काही कारण नसताना आवळत बसला.

त्यानंतर भोंगा मॅचला आला नाही. त्याने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. त्याला पाळी बदलून मिळाली होती, त्याची कंबर धरली होती, त्याच्या पुतणीचं काहीतरी होतं. सकाळी तलावावर तो आमच्या आधी पोहून जाऊ लागला. ओल्या पावलांचे ठसे दाराकडे गेलेले दिसत, आणि आम्ही कपडे काढेपर्यंत तेही वाळत. रस्त्यात भेटला तर तो मामाची विचारपूस करी, तब्येत, काम, ताई कशा आहेत. तोंड न उघडता हसे. व्हॅनमध्ये मागे एक ट्रे रिकामा राही. वळणावर तो घसरत या टोकाकडून त्या टोकाकडे जाई, आणि कुणी तो पायाने धरून ठेवत नसे.

मामा त्याच्याकडे एकदा गेला, दात घासून थोडे पातळ करून देतो म्हणाला. भोंग्याने चहा केला, बिस्किटं काढली, पंखा लावला. म्हणाला, अहो कशाला त्रास, सुंदर दात आहेत, जेवताना तर फारच. मामा चहा पिऊन परत आला. पाहुण्यासारखं वागवलं, एवढंच त्याने आईला सांगितलं.

आई भाकऱ्या थापायची थांबली नाही. म्हणाली, "त्याची फट तुझ्या डोळ्यांत खुपत होती. तू तुझ्या डोळ्यांतलं काढलंस, आणि त्याच्या तोंडातलं गेलं. आता तो तुझ्यावर चिडणार तरी कसा? चिडायला काहीतरी वाईट केलेलं असावं लागतं."

मामा जेवत राहिला. पण ताटातलं संपल्यावरही त्याचा हात बराच वेळ ताटात होता.

दुसऱ्या दिवशी त्याने कामाच्या खोलीचं दार सताड उघडलं आणि दाराखालचा अडसर काढून टेबलावर ठेवला. तो भोंग्याच्या जुन्या दातांचा प्लास्टरचा साचा होता. मामा काम शिकत होता तेव्हा त्याने सरावासाठी सगळ्या मित्रांच्या दातांचे साचे काढले होते. गुरुजींचा साचा कागदांवर ठेवायला वापरत, बेकरीवाल्याचा हरवला होता, आणि भोंग्याचा, तोंड मोठं असल्यामुळे, दाराला लावायला सोयीचा पडला होता. दार इतकी वर्षं त्याच्या पुढच्या दातांवर आपटत होतं. मागच्या दाढा जशाच्या तशा होत्या. पुढे, जिथे फट असायला हवी होती, तिथे एक गुळगुळीत उतार होता.

मग मामाने आठवणीतून मेणात दात लावायला घेतले. ते त्याला जमेनात. हाताला सवय नव्हती. डावा दात पुढे ओढला की बोटं आपोआप त्याला मागे ढकलत. वाकडं करायचं ठरवून केलेलं वाकडं नीटनेटकं दिसे, रंगमंचावरच्या गरिबीसारखं. आणि बरोबर आलं की नाही हे डोळ्यांनी कळणारच नव्हतं. ते कानांनी कळणार होतं, आणि ज्याच्या तोंडातून ऐकायचं तो माणूस चहा-बिस्किटं देत होता.

तेव्हा मामाने स्वतःची कवळी काढली आणि यंत्राखाली धरली.

आपली सगळ्यात चांगली कारागिरी त्याने मधोमध घासली. दोन दातांमध्ये फट पाडली, डावा दात उपटून पुढे बसवला. मग गुरुजींच्या जुन्या शाळेच्या बँडमधलं, अडगळीत पडलेलं एक ट्रम्पेट त्यांच्याकरवी मागवून घेतलं. काम संपल्यावर तो ते घेऊन बसू लागला आणि जाता-येताना बरोबर नेऊ लागला. पन्नाशी उलटलेला माणूस, भुवयांवर प्लास्टर, भोंग्याचे दात लावून, ट्रम्पेट शिकत होता. पहिले काही आठवडे त्यातून येणारा आवाज ऐकून तळमजल्यावरचा चपलांचा दुकानदार वर येऊन गेला. त्याला वाटलं होतं, की मामा भूल न देता दात काढायला लागला आहे.

फट जरा मोठी केली की सूर आधीच पडे. लहान केली की पडतच नसे. मामा घासे, फुंके, मेण लावे, पुन्हा फुंके. आमच्या घरीही तो तेच दात घालून येई, कारण दुसरे नव्हते. आईने पहिल्या दिवशी त्याच्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. तिला हसू आलं की रडू, ते पदराआड राहिलं. डॉक्टरीणबाईंनी मात्र त्याला खाली बोलावून स्पष्ट सांगितलं, की असे दात घेऊन जिन्यात उभं राहू नका, माझे पेशंट वर बघतात आणि परत जातात. मामा म्हणाला, तात्पुरते आहेत. किती दिवस, त्यांनी विचारलं. मामाने खांदे उडवले. तोंड शक्य तेवढं मिटून घेऊन तो जिना चढला. गिऱ्हाईक खरोखर कमी झालं. दाखवायचे दातच असे असतील तर खायचे कसे असतील, असं लोकांनी मनात आणलं असावं.

आणि मग एक दिवस मामाच्या इमारतीतली लिफ्ट अडकली.

मी मामाचा डबा घेऊन गेले होते. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे थांबलेली होती. आत कुणीतरी होतं, पण आतली घंटा बिघडलेली होती. चौकीदाराने फोन केला होता. मी जिन्याने तिसऱ्या मजल्यावर पोहोचते तोच खालून भोंगा आला, हत्यारांची पिशवी खांद्यावर, धापा टाकत. लिफ्टवाला असून तो नेहमी जिन्यानेच चढे. हॉटेलातला स्वयंपाकी घरी जेवतो तसं, म्हणे. मला बघून तो ओठ मिटून हसला, पिशवीतून किल्ली काढली आणि मजल्यावरचं बाहेरचं दार उघडू लागला.

त्या वेळी खोबणीतून धून आली.

पहिले सूर हुडहुडी भरल्यासारखे होते. मग ते सावरले, वर चढले. शेवटचा सूर क्षणभर टिकला आणि घसरला.

भोंग्याचा हात किल्लीवर होता तसाच राहिला. मग त्याने दार सरकवलं. लिफ्टची जमीन खाली अर्ध्या मजल्यावर होती, त्यामुळे आमच्या पायांच्या पातळीवर आतल्या माणसाचं डोकं आणि हातातलं ट्रम्पेट एवढंच दिसत होतं. डोकं मामाचं होतं. तोंड भोंग्याचं होतं.

भोंगा उकिडवा बसला.

"कुणाचे दात हे?"

"तुझे," मामा म्हणाला. "वापरून बघतोय."

भोंग्याने ग्रीसने काळा झालेला अंगठा पुढे केला आणि मामाचा ओठ वर केला. तलावाच्या काठावर मामाने त्याचा केला होता, अगदी तसाच.

"डावा अजून पुढे होता."

"किती?"

भोंग्याने अंगठ्याच्या नखाचं टोक दाखवलं.

"आणि सूर फार पडतोय तुझा. एवढा नव्हता पडत. तू घाई करतोस."

"तू वाजव मग," मामा म्हणाला.

भोंग्याने आपले दात काढून खिशात ठेवले, पुढे खिंडार पडलेलं तोंड घेऊन ट्रम्पेट खाली वाकून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "या शाळेच्या डबड्यावर?"

मग दोघे फटीबद्दल बोलू लागले. एक जमिनीवर उकिडवा, दुसरा हनुवटीपर्यंत खड्ड्यात. श्वास कुठून जातो, जीभ कुठे टेकते, दात किती तिरका. चौकीदार दोनदा येऊन विचारून गेला, की साहेब, लिफ्ट कधी चालू होणार. एकाला बाहेर काढायचं आहे हे दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं. डबा गार झाला.

त्यानंतर भोंगा काम सुटलं की वर येऊ लागला. मेणात दात, दाताखाली ट्रम्पेट, पुन्हा मेण. पूर्वी मामा दात करी तेव्हा खोलीत फक्त यंत्राचा आवाज असे. आता शिव्याही असत. दात तयार झाले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ते हातात घेतले आणि म्हणाल्या, माझ्या दवाखान्यातून असे दात बाहेर जाणार नाहीत. मामा म्हणाला, मग मागच्या दाराने जातील. मागचं दार नव्हतं. त्यांनी शेवटी ते बसवले, पण बसवताना खिडकीबाहेर बघत होत्या.

मामाने स्वतःसाठी पुन्हा सरळ दात केले. ते पहिल्यासारखे झाले नाहीत. घासलेली कवळी त्याने शेल्फवर ठेवली, बाकीच्या तोंडांच्या रांगेत.

हंगामातली शेवटची मॅच आमच्या मैदानावर होती. हरलो तर चौथ्या गटात. सगळं गाव आलं होतं, कारण बुडणारं जहाज बघायला तिकीट स्वस्त होतं. भोंगा आपल्या जागी बसला होता, पेटी मांडीवर. मधे एकदाच त्याने मामाला कोपराने ढोसलं आणि विचारलं, की सुटला तर? मामा म्हणाला, सुटणार नाही. भोंगा म्हणाला, दाताचं नाही म्हणत, सुराचं.

आमचा संघ कॉर्नर मिळवण्याइतकाही पुढे जात नव्हता. हाफटाइम झाला. आमच्यावर एक गोल बसला. मामा, जो एवढी वर्षं मैदानापेक्षा लोकांच्या तोंडांकडे बघत आला होता, पहिल्यांदाच चेंडूकडे बघत होता. बेकरीवाल्याने ढोल वाजवणं सोडून दिलं होतं. गुरुजींनी झेंडा गुडघ्यांत धरला होता, छत्रीसारखा. लोक उठून निघू लागले होते तेव्हा, अगदी शेवटी, समोरच्या संघातल्या कुणाच्या तरी पायाला लागून चेंडू रेषेबाहेर गेला. कॉर्नर.

भोंगा उठला. निघालेले लोक पायऱ्यांवर थांबले. खाली आमचा खेळाडू चेंडू कोपऱ्यात ठेवून सवयीने वर बघत उभा राहिला, आणि कुणीतरी सांगितल्यासारखा रेफ्रीही थांबला.

धून सुरू झाली. मामाने झांजा हातात घेतल्या होत्या, पण त्याची नजर समोर नव्हती. तो भोंग्याच्या गालाकडे, ओठांच्या कोपऱ्याकडे बघत होता. शेवटचा सूर वर चढला. टिकला. जरा जास्तच टिकला. मामाची बोटं झांजांच्या पट्ट्यांवर पांढरी झाली.

आणि सूर घसरला.

'घसरला,' स्टँड म्हणाला. एका आवाजात, सगळाच्या सगळा, पायऱ्यांवरचे लोकसुद्धा. मला मागच्या रांगेतली ती बाई ऐकू आली. गुरुजी ऐकू आले, जे कधी ओरडत नसत.

झांज पडली. एकदाच, अगदी वेळेवर. खाली खेळाडूने पाय मागे घेतला.

भोंगा तोंड भरून हसत मामाकडे वळला. फट दिसत होती. त्याला काहीतरी सांगायचं होतं. मामाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, कपाळाकडे नाही. मग त्याने झांजा बाकावर ठेवल्या, त्यांच्यावर रुमाल पसरला, आणि सगळा स्टँड हवेतल्या चेंडूकडे बघत असताना, लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत, पायऱ्या उतरून, 'हसायचं ज्याचं त्याने बघावं' असं पुटपुटत बाहेर निघून गेला.